आण्णांचा जुना लॅपटॉप चालूच होईना, दुकानदार म्हणतो मदरबोर्ड गेला (सांगली)

हळकुंड, सांगली

नमस्कार मंडळी. २०१३ साली घेतलेला लॅपटॉप आहे, आण्णांचा. मार्केट यार्डातल्या आमच्या अडतीच्या गाळ्यावर असायचा. आण्णांनी गाळ्यावर बसायचं सोडलं तसा तो माळ्यावर गेला. आता एका जुन्या पार्टीशी बाकीवरनं वाद निघालाय आणि २०१५-१६ चे खातेउतारे पाहिजेत. खाती टॅलीत (हिशेबाचं सॉफ्टवेअर), टॅली लॅपटॉपात, आणि लॅपटॉप काही उठेना.

लक्षणं सांगतो. चार्जर लावला की चार्जिंगचा दिवा लागतो. बटण दाबलं की बटणाचाही दिवा लागतो, पंखा फिरल्याचा आवाज येतो, पण स्क्रीन काळीच. थोड्या वेळानं आपोआप बंद पडतो, कधी स्वतःच परत चालू होतो. बीप वगैरे काही नाही.

दुकानात नेला होता. तिथल्या पोरानं उघडूनसुद्धा बघितला नाही. "मदरबोर्ड गेलाय काका, साडेसात हजार. त्यापेक्षा नवाच घ्या." डेटा काढायचे दोन हजार वेगळे, तेही गॅरंटी नाही म्हणाला. उचलून घरी आणला.

मशीन आय३, तिसरी पिढी, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क. आलं तेव्हा विंडोज ८ होतं, टॅलीवाल्यानं ते काढून विंडोज ७ टाकून दिलं होतं. कंपनी मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा त्या भांडणातच संपायचा.

भडंगप्रेमी, मिरज

बारा वर्षं झाली राव. सोडा की आता त्याला. नवा घ्या, आण्णांना पण बरं वाटंल.

हळकुंड, सांगली

नव्यात जुनी खाती कुठनं येणार? ते सांगा, आत्ता जाऊन घेतो.

कंदीपेढा, सातारा

मदरबोर्ड गेला म्हणणं सगळ्यात सोपं असतं, कारण ते खोटं ठरवायला गिऱ्हाईक परत येत नाही. तुम्ही लक्षणं नीट लिहिली आहेत, त्यावरून मला बोर्ड मेल्यासारखा वाटत नाही. पूर्ण मेलेला बोर्ड शक्यतो दिवाही दाखवत नाही, पंखा फिरवणं लांबच.

"चालू होत नाही" या तीन शब्दांत बरंच काही येतं. वीजच आत जात नाही, हे एक. वीज जाते पण मशीन स्वतःची तपासणी पूर्ण करू शकत नाही, हे दुसरं, आणि तुमचं हेच दिसतंय. मशीन आतून व्यवस्थित चालू आहे, फक्त स्क्रीन मेली आहे, असंही असतं. आणि शेवटचं म्हणजे सगळं ठीक, पण विंडोज सापडत नाही. प्रत्येकाचं औषध वेगळं. कुठल्या खान्यात आहोत हे ठरल्याशिवाय रुपया खर्च करू नका.

तेव्हा आधी स्क्रीनचा संशय फेडून घ्या. अंधाऱ्या खोलीत मशीन चालू करून स्क्रीनवर तिरका मोबाइलचा टॉर्च मारा. पुसट अक्षरं दिसली तर फक्त मागचा उजेड गेलाय. नाही दिसली तर टीव्हीला एचडीएमआयने जोडून बघा. आणि कॅप्स लॉक दाबत राहा. त्याचा दिवा लागतो-विझतो का? तसं होत असेल तर मशीन जिवंत आहे. काही कंपन्यांच्या मशीनमध्ये हाच दिवा ठरावीक वेळा लुकलुकून कुठे अडलंय ते सांगतो, तेही लक्ष देऊन बघा.

हळकुंड, सांगली

टॉर्च मारला, काही नाही. टीव्हीवर "नो सिग्नल". कॅप्स लॉक ढिम्म.

ओगलेवाडीचा, कराड

मी बोर्डाचंच काम करतो, म्हणून मधे बोलतो. कंदीपेढा साहेबांचं बरोबर आहे. बोर्ड माझ्याकडं आला की मी पहिल्यांदा चार्जरचे १९ व्होल्ट आत पोचतात का बघतो, मग ३.३ आणि ५ व्होल्टच्या कायम चालू असणाऱ्या लाइनी. त्या नसल्या तर बटण दाबून काही होत नाही, दिवा नाही, पंखा नाही. तुमचं तिथपर्यंत नक्की ठीक आहे.

तरी घरात मल्टिमीटर असला तर चार्जर मोजा. पट्टीवर १९.५ लिहिलंय तर साधारण तेवढेच यायला पाहिजेत. पण एक लक्षात ठेवा, नुसत्या वायरीवर १९.५ दिसले म्हणून चार्जर चांगला असं होत नाही. जुना चार्जर रिकामा असताना पुरते व्होल्ट दाखवतो आणि भार आला की झोपतो. कुणाचा सारख्याच पिनचा, तेवढ्याच व्होल्टचा आणि तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा चार्जर मिळाला तर लावून बघा. पिन बसली म्हणून व्होल्ट न बघता लावू नका.

कृष्णाकाठ, सांगली

मेव्हण्याचा असाच झालता. यूट्यूबवर बघून त्यानं हेअर ड्रायर मारला आतल्या चिपवर, चालू झाला. करून बघा.

ओगलेवाडीचा, कराड

कृपा करून असलं काही करू नका. गरम केल्यावर काही चिपा चार दिवस चालतात आणि मग कायमच्या जातात. वर आजूबाजूचं प्लॅस्टिक वितळतं ते वेगळंच. असले बोर्ड मी रोज बघतो, त्यातल्या अर्ध्यांना माझ्याआधी कुणीतरी भाजलेलं असतं.

विश्रामबागताई, सांगली

हळकुंडदादा, माळ्यावर किती वर्षं होता? आणि २०१९ च्या पुरात घरात पाणी आलं होतं का?

हळकुंड, सांगली

सहा वर्षं धरा. पुरात तळमजला गेला होता ताई, आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमच्याकडं छातीएवढं होतं. लॅपटॉप वरच्या मजल्यावर माळ्याला, भिजला नाही. पण महिनाभर घराला ओल होती, भिंतींना बुरशी आली होती.

विश्रामबागताई, सांगली

मग माझा पहिला संशय रॅमवर. पाण्यात बुडाला नाही तरी ओल लागतेच. हरिपूरच्या पेवात (जमिनीखालच्या कोठारात) हळद वर्षानुवर्षं टिकायची, कारण हवा आत जायला जागाच नव्हती. तुमचा माळा म्हणजे त्याच्या बरोबर उलट. रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात आणि खाचेतले पिनांचे टोक यांच्यामध्ये मळ धरला की मशीनला रॅम दिसत नाही. रॅम नाही तर चित्रही नाही. दिवा, पंखा, काळी स्क्रीन, आपोआप बंद-चालू, हे सगळं त्यात बसतं.

पण त्याआधी एक फुकटचा उपाय. चार्जर काढा, बॅटरी काढा. बटण अर्धा मिनिट दाबून धरा, म्हणजे आत अडकलेली वीज निघून जाईल. मग बॅटरी न लावता फक्त चार्जरवर चालू करा. याने कितीतरी मशीन उठतात आणि लोकांना वाटतं चमत्कार झाला.

बॅटरी हातात आली की तिच्याकडे नीट बघा. पोट फुगलेलं दिसलं तर परत लावायची नाही, दाबायची नाही, टोचायची नाही. वेगळी ठेवून ई-कचऱ्यात द्यायची.

हळकुंड, सांगली

बॅटरी सपाट आहे, फुगलेली नाही. बटण दाबून धरलं, नुसत्या चार्जरवर लावला. फरक शून्य. भाच्याचा ६५ वॉटचा चार्जर सारख्याच व्होल्टचा निघाला, तोही लावून बघितला. तेच. आता रॅम काढायची म्हणजे सगळा उघडायचा का?

विश्रामबागताई, सांगली

त्या काळच्या बहुतेक मशीनला खाली छोटं झाकण असतं, एक-दोन स्क्रू. नसलं तर मात्र अख्खं खालचं कव्हर काढावं लागतं. स्क्रू कुठला कुठून निघाला त्याचा फोटो काढून ठेवा, लांबी वेगवेगळी असते. लांब स्क्रू चुकून दुसऱ्या भोकात गेला तर वर टचपॅडला टोचतो.

उघडण्याआधी चार्जर, बॅटरी दोन्ही बाहेर. कुठल्यातरी धातूला हात लावून घ्या. गादीवर बसून, स्वेटर घालून हे काम करायचं नाही.

पट्टीच्या दोन्ही बाजूंना पत्र्याच्या कड्या असतात. त्या बाहेरच्या अंगाला सरकवल्या की पट्टी तिरकी उभी राहते. ओढून काढायची. दात शाळकरी खोडरबराने हलकेच घासायचे, चुरा खाचेत पडू द्यायचा नाही, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्याने पुसायचे. परत लावताना तिरकीच घालायची, दात पूर्ण आत गेले की खाली दाबायची, दोन्हीकडे टक् आवाज आला पाहिजे. आणि दोन पट्ट्या असतील तर दोन्ही एकदम लावू नका.

भडंगप्रेमी, मिरज

खोडरबर! ताई, हे आमच्या कॉम्प्युटर लॅबमधलं शास्त्र अजून चालतंय तर.

विश्रामबागताई, सांगली

चालतंय की. सॅंडपेपर मात्र नाही, ते सोनंच उडवतं. असंही कुणी आणतं म्हणून आधीच सांगून ठेवते.

हळकुंड, सांगली

उघडला. जे दिसलं ते लिहितोच.

झाकण निघाल्यावर पहिल्यांदा वास आला, हळदीचा. पंख्याच्या पात्यांवर आणि त्यापुढच्या तांब्याच्या जाळीवर पिवळी भुकटी बसली होती, नुसती धूळ नाही, ओल खाऊन घट्ट झालेली, नखाने खरवडली तर पापुद्रा निघाला. सौद्याच्या दिवशी गाळ्यावर काय उडतं ते ठाऊक असलेल्यांना नवल वाटायचं नाही. जाळीतून उजेड आरपार दिसत नव्हता.

रॅमच्या दोन पट्ट्या, २-२ जीबी. वरच्या पट्टीचे दात चकचकीत, खालच्या पट्टीचे एका टोकाला काळपट, चहाच्या डागासारखे. खोडरबर फिरवला तर रबर काळं झालं. दोन्ही साफ केल्या, खाच मऊ ब्रशने झाडली. आधी वरची एकटीच लावली.

स्क्रीनवर उजेड आला! कंपनीचं चिन्ह आलं, आण्णा खुर्चीतनं उठून बघायला आले.

पण पुढे काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांत "नो बूटेबल डिव्हाइस" असं काहीतरी लिहून थांबलाय. आता काय?

कृष्णाकाठ, सांगली

हार्ड डिस्क गेली म्हणजे.

कंदीपेढा, सातारा

घाई करू नका. हळकुंड, चालू करताना एफ२ किंवा डिलीट दाबून सेटिंगच्या निळ्या-करड्या पानावर, म्हणजे बायोसमध्ये, जा. मशीननुसार बटण बदलतं, पहिल्या स्क्रीनच्या कोपऱ्यात लिहिलेलं असतं. मला दोन गोष्टी सांगा. तारीख काय दाखवतंय? आणि हार्ड डिस्कचं नाव किंवा ५०० जीबी असं कुठे दिसतंय का?

हळकुंड, सांगली

तारीख १ जानेवारी २०१२. डिस्कचं नाव दिसतंय.

कंदीपेढा, सातारा

मग डिस्क बहुधा ठीक आहे, आणि तुमच्या घड्याळाचा सेल संपलाय. बोर्डावर नाण्याएवढा सेल असतो, ३ व्होल्टचा, सीआर२०३२. लॅपटॉपमध्ये तो बहुतेक काळ्या वेष्टनात दोन वायरी आणि छोट्या प्लगसह येतो. मशीन सहा वर्षं बंद असेल तर तो संपणारच. तो संपला की तारीख मागे जाते, आणि काही मशीनमध्ये सगळ्या सेटिंगही कारखान्यातून आल्या तशा होतात.

हे तुमच्या बाबतीत महत्त्वाचं का, तर तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंय की मशीन विंडोज ८ घेऊन आलं आणि नंतर विंडोज ७ टाकलं. विंडोज ८ च्या मशीनमध्ये कारखान्याची सेटिंग यूईएफआय (मशीन सुरू व्हायची नवी पद्धत) आणि सिक्युअर बूट (फक्त ओळखीचंच विंडोज सुरू होऊ देणारं कुलूप) चालू अशी असते. विंडोज ७ टाकताना टॅलीवाल्याने ते बंद करून लेगसी, म्हणजे जुनी पद्धत, केलेलं असणार. सेल मेला, सेटिंग मूळपदावर गेलं. आता मशीन डिस्कवर यूईएफआय पद्धतीचं विंडोज शोधतंय आणि तिथे आहे जुन्या पद्धतीचं. डिस्क समोर असूनही म्हणतंय नाही.

विश्रामबागताई, सांगली

कंदीपेढा काकांच्या तर्काशी सहमत, पण सेटिंग बदलून विंडोज चालू करण्याआधी खाती बाहेर काढा. सहा वर्षं न फिरलेली डिस्क आहे. विंडोज चालू होताना ती सगळीकडे वाचते-लिहिते, आणि मधेच डिस्क तपासणी सुरू झाली तर तासन्‌तास घासत बसेल. तिच्यात काही शेवटचा दम असलाच तर तो खात्यांसाठी वापरावा.

चारपाचशे रुपयांत साटा ते यूएसबी वायर मिळते. डिस्क काढून दुसऱ्या चांगल्या कॉम्प्युटरला लावा. विंडोजने "फॉरमॅट करायचं का" विचारलं तर नाही म्हणायचं, काहीही झालं तरी नाही. सी ड्राइव्हमध्ये टॅलीचं फोल्डर, त्यात "डेटा" नावाचं फोल्डर, त्यात १०००० सारख्या आकड्यांची फोल्डरं असतील. एकेक आकडा म्हणजे एकेक कंपनी. अख्खं डेटा फोल्डर उचला. सापडलं नाही तर दुसऱ्या ड्राइव्हवर बघा, पुष्कळ टॅलीवाले डी ड्राइव्हवर ठेवतात.

डिस्कमधून कटकट असा ठोका यायला लागला तर लगेच काढून घ्या आणि घरी पुढे काही करू नका. मग ते डेटा काढणाऱ्या जाणकाराचंच काम.

भडंगप्रेमी, मिरज

हे माझ्या उपयोगाचं. माझा नवीन आहे, विंडोज अकरावाला, त्याचं पण कधीमधी असं होतं. सेटिंग मूळपदावर नेऊ का?

विश्रामबागताई, सांगली

थांबा, तुमचं वेगळं आहे. नव्या मशीनमध्ये डिस्क बहुतेक वेळा बिटलॉकरने आपोआप कुलूपबंद असते. बायोसमध्ये हात घातला की पुढच्या वेळी ती ४८ आकडी किल्ली मागते. आधी तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ती किल्ली आहे का बघा, कागदावर लिहून ठेवा, मग काय ते करा. आणि तुमचा धागा वेगळा काढा, इथं सरमिसळ होईल.

हळकुंड, सांगली

पुतण्याच्या कॉम्प्युटरला डिस्क लावली. आवाज गुळगुळीत. डी ड्राइव्हवरच सापडलं, डेटामध्ये पाच आकड्यांची फोल्डरं. दोन पेनड्राइव्हवर आणि पुतण्याच्या मशीनवर, तिन्हीकडे घेतलं. डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो पण चालवलं, पिवळं "कॉशन" दाखवतंय. पेंडिंग सेक्टर म्हणून काहीतरी आहे.

ओगलेवाडीचा, कराड

म्हणजे ताईंनी सांगितलं ते योग्यच झालं. पेंडिंग सेक्टर म्हणजे डिस्कला वाचता न आलेल्या जागा. डिस्क आज चालेल, दिवाळीला चालेल असं नाही. तिच्यावर पुढं काही महत्त्वाचं ठेवू नका.

आता सेल बदला, तीस-चाळीस रुपयांचा आहे, पण तुमच्या मशीनला वायरवाला लागत असेल तर त्याच प्लगचा आणा. सुटा सेल आणून जुन्याच्या वायरी त्याच्यावर डाग देऊन चिकटवायला जाऊ नका, सेल तापतो. मग बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद, बूट मोड लेगसी. "साटा मोड" (मशीन डिस्कशी कुठल्या पद्धतीनं बोलतं ते, एएचसीआय किंवा आयडीई) मात्र आधी काय होता ते लिहून ठेवा. तो एएचसीआयवरून आयडीईवर किंवा उलट गेला असेल तर विंडोज ७ निळी स्क्रीन दाखवून परत परत रीस्टार्ट होतं. तसं झालं तर तो दुसऱ्यावर करा, बस.

हळकुंड, सांगली

झालं! सेल बदलला, तारीख लावली, सिक्युअर बूट बंद, लेगसी. पहिल्यांदा निळी स्क्रीन आलीच, एएचसीआय केलं आणि विंडोज ७ उघडलं. टॅली उघडलं. २०१५-१६ चं खातं आण्णांनी स्वतः बसून काढलं, पार्टीच्या बाकीचा आकडा आमच्याच बाजूनं निघाला. आण्णा म्हणाले, "मी काय सांगत होतो."

दुसरी रॅम पट्टी पण लावली, चालते. पंखा साफ केला, प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट नवीन लावली. आधी पंखा विमानासारखा ओरडायचा म्हणे, आता आवाज नाही.

आता हे मशीन वापरत राहू का? इंटरनेट जोडू का?

कंदीपेढा, सातारा

विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टचा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला. विंडोज १० चाही १४ ऑक्टोबर २०२५ ला. ११ अधिकृतपणे तुमच्या आय३ वर चढत नाही, त्याला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. तेव्हा आहे तसं विंडोज ७ ठेवायचं तर वायफाय बंद करून, फक्त जुनी खाती बघायला. बँकेचं काम त्याच्यावर अजिबात नको.

वापरायचाच असेल तर जुनी डिस्क काढून छोटी एसएसडी टाका आणि लिनक्स मिंटचं एक्सएफसीई रूप टाका, ४ जीबीत बरं चालतं. टॅली त्यावर थेट चालणार नाही, ते नव्या मशीनवर. जुना डेटा नव्या टॅलीप्राइममध्ये नेताना ते रूपांतर करून घेईल, पण मूळ प्रत हात न लावता वेगळी ठेवा.

भडंगप्रेमी, मिरज

म्हणजे शेवटी नवा घ्यायला लागलाच की. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं!

हळकुंड, सांगली

घेतोय, पण खाती घेऊन घेतोय. दुकान मात्र दुसरं.

ओगलेवाडीचा, कराड

जुना विकणार असाल तर डिस्क काढून घ्या, फॉरमॅट करून पण देऊ नका. आणि रॅमच्या पट्ट्या नको असतील तर सांगा. डीडीआर३ चांगली मिळत नाही आता, दुरुस्तीला उपयोगी पडतात.

हळकुंड, सांगली

पट्ट्या नाही देत दादा, आण्णा त्याच्यावर पत्ते खेळायला लागलेत. पण कराडला आलो की हळद घेऊन येतो, राजापुरी.